मंदाताईंची अट

डॉ. मंदाताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी मी लिहिलेला हा दुसरा लेख. पहिला त्यांनी परत पाठवला. तो का परत आला हे सांगितल्याशिवाय हा पुरा व्हायचा नाही, आणि ते सांगायचं म्हटलं की माझी मान खाली जाते. पण रीत म्हणून आधी पहिल्या भेटीबद्दल सांगतो.

बालरोगाचं शिक्षण संपवून मी चिपळूणहून रत्नागिरीत आलो तेव्हा ताईंना हाताखाली एक डॉक्टर हवा होता. प्रमाणपत्रांची फाईल काखेत मारून मी त्यांच्या दवाखान्यात हजर झालो. त्यांनी फाईलकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एका लहान मुलाचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "खा, आणि यात काय आहे ते सांगा."

मी घास घेतला. "बटाट्याची भाजी."

"ती मलाही दिसतेय. आणखी काय?"

मीठ, मिरची, कोथिंबीर, फोडणी... मी सगळी उजळणी केली. ताई नुसत्या हसल्या. भाजीच्या रसाला काजूची पूड लावलेली होती, आणि ज्याचा तो डबा, ते पोर आतल्या खाटेवर सुजलेल्या ओठांनी पडलं होतं. "नापास झालात," ताई म्हणाल्या. "उद्यापासून या."

आजच्या तरुण डॉक्टरांना खरं वाटणार नाही, पण त्या काळी आमच्या जिल्ह्यात काजूनं मुलाचा श्वास अडकतो असं म्हणणं म्हणजे घरच्या माणसावर आळ घेण्यासारखं होतं. पाहुण्याच्या हातावर चार काजूगर ठेवल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, अशी आम्ही माणसं. "बाईंनी नवीनच खूळ काढलंय," असं लोक म्हणत, आणि लोक कशाला, आमचे डॉक्टर मित्रही म्हणत. ताईंनी कुणाशी वाद घातला नाही. इथल्या मुलांना काय बाधतं, काजू की कोळंबी, अंडं की दूध, कुणाची बाधा वयानुसार सुटते, कुणाची सुटत नाही, कुठल्या मुलाची प्रतिकारशक्ती जन्मतःच दुबळी आणि कुणाची स्वतःच्याच शरीरावर उलटलेली, हे त्या वर्षानुवर्षं शोधत राहिल्या. प्रयोगशाळा म्हणाल तर मुंबईला बर्फात घालून पाठवलेल्या रक्ताच्या नळ्या. बाकी सगळी भिस्त विचारण्यावर आणि बघण्यावर.

आणि विचारणं कसं? पोलीस बरे! लांज्याच्या एका बाळाच्या अंगावर फक्त संध्याकाळी चट्टे उठत. खाण्यात काही सापडेना. ताईंनी आईला उभं आडवं विचारून झाल्यावर बापाला बोलावलं, तर तो काजूच्या कारखान्यात कामाला. घरी आला की कामाच्या कपड्यांनिशीच पोराला कडेवर घ्यायचा, आणि काजूच्या टरफलाचं तेल त्या कपड्यांना असायचंच. ताईंनी औषध दिलं ते एवढंच, "आधी आंघोळ, मग लाड."

मुलाला एखादा पदार्थ खरंच बाधतो का, हे ठरवायला तो दवाखान्यात कणाकणानं वाढवत देऊन बघावा लागतो. त्या दिवशी ताई दुसरं काही काम घेत नसत. इंजेक्शन हाताशी, डोळे मुलाच्या ओठांवर, आणि तोंडानं गोष्ट चालू. लांबून आलेल्या आया धास्तीनं जेवायच्या राहत, म्हणून ताईंच्या घरून पेजेचं पातेलं यायचं आणि ताई त्यांच्या पंगतीला बसून जेवायच्या. आतल्या गावातल्या एका मुलाला सारखा न्युमोनिया व्हायचा. त्याला मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात न्यायचं ठरलं तेव्हा आई एकटी काय करणार म्हणून ताई सोबत गेल्या. वॉर्डातल्या बायका त्यांना मुलाची आत्या समजल्या, आणि ताईंनी तसं समजू दिलं.

एवढं सगळं मी पहिल्या लेखात लिहिलं होतं. छान झाला होता तो, स्वतःच सांगतो. पण ग्रंथ काढायला होकार देताना ताईंनी समितीला एक अट घातली होती, "माझं चुकलं ते छापायचं. गाळलंत तर ग्रंथ नको." समितीतल्या ज्येष्ठांनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाले, "अहो, त्या म्हणणारच. आपण कशाला लिहायचं? शुभकार्य आहे." मलाही ते पटलं, कारण मला तेच पटवून घ्यायचं होतं. गुरूच्या चुकीबद्दल लिहिताना माझीच कानशिलं तापत होती.

चार दिवसांत लेख परत आला. वर ताईंचा फोन. "लेख वाचला. सुरेख आहे. कुणाबद्दल आहे?"

मी नुसता "ताई..." म्हणालो आणि त्यांनी फोन ठेवला.

तर आता लिहितो. ज्या घरात एका मुलाला बाधा आहे तिथल्या धाकट्या भावंडाला काजू, शेंगदाणे, अंडं तीन वर्षांचं होईपर्यंत चाखवूसुद्धा नका, असं ताई सांगत. तेव्हा जगभरातले डॉक्टर तेच सांगत होते. पण इथं ते जगानं नाही, ताईंनी सांगितलं, आणि लोकांनी ते देवाचा शब्द म्हणून पाळलं. उष्टावणाला ताईंना मुद्दाम बोलावत, आणि ताई पानातली खीर बोटानं चाचपून बघत.

पूर्णगडच्या जुबेदाभाभींनी तर फारच कसोशीनं पाळलं. घरधनी आखातात, घरी त्या एकट्या. थोरल्या इम्रानला काजूची बाधा म्हणून त्या ताईंकडे येऊ लागल्या होत्या. धाकटी आलिया झाली तेव्हा ताईंच्या सांगण्यावरून त्यांनी घरातून काजू हद्दपारच केला. आलियानं तीन वर्षं उलटल्यावर एका लग्नात पहिल्यांदा काजू खाल्ला आणि तिथल्या तिथं काळीनिळी पडली. वेळेवर रत्नागिरीला पोचली म्हणून वाचली.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी परदेशांतून नवे अभ्यास आले, ते नेमके उलटे. लांबणीवर टाकून मुलं वाचत नाहीत. उलट वेळेवर, थोडं थोडं, नेमानं दिलं तर पुष्कळांची बाधा टळते. ताईंनी ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "गाडी काढा. पूर्णगडला जायचंय."

भाभींच्या पडवीत ताई खुर्चीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. "आलियाचं जे झालं ते माझ्या सांगण्यामुळं झालं असेल. नसेलही. नक्की कुणालाच सांगता येणार नाही. पण सांगितलं मी होतं, आणि ते चूक होतं."

मी खाली बघत होतो. वाटत होतं, कशाला हे? कुणी विचारलं होतं?

भाभींच्या हातातला चहाचा ट्रे तसाच राहिला. "म्हणजे डॉक्टरीण, तिला घास भरवताना माझा हात आखडायचा, भीती वाटायची, पोर रडायची तरी देत नव्हते... ता सगळा फुकट?"

"हो," ताई म्हणाल्या. "फुकट."

भाभींनी ट्रे ठेवला आणि आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. त्यानंतर आलियाला घेऊन दवाखान्यात इम्रान यायचा. ताई दर वेळी विचारायच्या, "आई बरी आहे ना?" आणि इम्रान मान खाली घालून "बरी आहे" म्हणायचा. ताईंनी बाकीच्या घरीही जाऊन हेच सांगितलं. काही ठिकाणी हातावर साखर पडली, काही ठिकाणी दार लागलं. मी बहुतेक वेळा गाडीतच बसून राहिलो. माझ्या लाजेचं कारण विचाराल तर ते हे. चूक त्यांची, तोंड लपवणारा मी.

लेख परत आल्यावर मी पूर्णगडला गेलो. भाभींना न विचारता त्यांच्याबद्दल लिहिणं बरोबर नव्हतं. म्हटलं, नाव बदलून लिहू का? भाभी फटकन म्हणाल्या, "बदलायचा कशाला? आम्ही काय चोरी केलीय?" आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. इम्रानचं लग्न होऊन त्याला मुलगा झाला होता, सहा महिन्यांचा. त्याला आता पहिला घास द्यायचा होता. भाभी आत जाऊन त्याला थोपटून बाहेर आल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरीणला विचारा, येतील काय."

ताईंनी आधी बाळाला दवाखान्यात आणवून नीट तपासलं. मग ठरल्या सकाळी आम्ही गेलो. मऊ पेजेत काजूची बारीक वाटलेली पातळ पेस्ट, चमच्याच्या टोकावर जेमतेम. पर्समध्ये इंजेक्शन. बाळाचा बाप इम्रान, त्यालाच काजूची बाधा म्हणून तो अंगणात उभा, आलिया त्याच्याशेजारी. बाळ भाभींच्या मांडीवर. ताईंनी चमचा पुढे नेला आणि तो मध्येच थांबला. आजवर शेकडो पोरांना घास भरवलेला त्यांचा हात मी पहिल्यांदाच आखडलेला पाहिला.

जुबेदाभाभींनी ताईंचं मनगट धरलं. "आखडू नका, डॉक्टरीण. द्या."

बाळानं मिटक्या मारल्या आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं. आम्ही दुपारपर्यंत बसलो. काही झालं नाही. भाभींनी जेवायला वाढलं तेव्हा ताई जमिनीवर त्यांच्या शेजारी बसल्या. मी या वेळी गाडीत बसलो नव्हतो, एवढं नमूद करतो.

ताई, तुमची पंच्याहत्तरी आम्ही साजरी करतो आहोत. शंभरीही आम्हीच करू, तोवर गुडघे तेवढे सांभाळा. त्या बाळाला अजून आठवड्यातून दोन-तीनदा तो चमचा द्यायचा आहे आणि भाभी म्हणतात, डॉक्टरीण अधूनमधून येऊन बघतील तर बरं. तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आणि हा लेख कुणाबद्दल आहे, ते या वेळी तुम्हाला विचारावं लागणार नाही.