एका डब्यावर दोघं

तामसीहून आदिलाबादला येणाऱ्या बसमध्ये शेजारच्या बाकावर एक जोडपं होतं. बाईच्या मांडीवर उघडा डबा, पण दोघंही जेवत नव्हती.

"काऊन जेवून नाही राह्यले?" मी विचारलं.

बाई म्हणाली, "लग्नापासून आमी दोघं मिळून येशूची प्रार्थना करतो, मगच जेवतो. आज सकाळपासून भांडण हाये. मनात राग ठेवून हात कसे जोडाचे?"

नवरा डब्याकडे बघत पुटपुटला, "चुकलं माझं." तिनं त्याचा हात धरला. दोघांनी डोळे मिटले, मग एकाच डब्यातून जेवली.

आमच्याकडे भांडणानंतर दोन ताटं दोन खोल्यांत जायची. बायको माहेरी गेली, त्याला तीन वर्षं झाली. आदिलाबादला उतरून ती दोघं दिसेनाशी होईपर्यंत मी बघत उभा राहिलो.