शेऱ्याचा रकाना

एका बाईची घरातली गोष्ट मी सगळ्या जगाला वाचायला मोकळी करून दिली. कुणी सांगितलं म्हणून नाही. स्वतः हट्टानं, आमच्या अध्यक्षीणबाईंच्या घरी जाऊन, त्यांचे पोहे खाऊन, त्यांना पटवून. कारण विचाराल तर एका तेवीस वर्षांच्या पोरीवर मी जळत होते. दुसरं काहीही कारण नव्हतं.

मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची. म्हणजे तशी पोरसवदाच. आता पासष्टी ओलांडल्यावर त्या अठ्ठावन्नच्या बाईकडं बघते तेव्हा वाटतं, हिच्या पाठीत कुणी दोन धपाटे कसे घातले नाहीत? ठेवणीतल्या साडीला चार-चार पिना लावून मिरवायची, आणि कुणी दुसऱ्याचं कौतुक केलं की हिच्या पोटात दुखायला लागायचं.

आमची संस्था लहान. शहरात दोन खोल्यांचं ऑफिस, पण काम गावोगाव. फुलंब्रीपासून पार अजिंठ्यापर्यंत बायकांना, बचतगटांना, वाचनालयांना आम्ही अनुदान द्यायचो. कुणाला शिवणयंत्र, कुणाला शेळ्या, कुठं पुस्तकांची कपाटं. दिलेलं परत मागायचं नाही, फक्त त्याचं पुढं काय झालं ते बघून यायचं. बघून येणारी मी आणि वहीत लिहिणारीही मीच. तीस वर्षं. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्या, रकाने ठरलेले: वर्ष, गाव, नाव, कशासाठी, किती, आणि सगळ्यात शेवटी शेरा.

बाकीचे रकाने संस्थेचे. शेऱ्याचा रकाना माझा.

त्याचं असं व्हायचं की एकेका गावात एकाच नावाच्या पाच-पाच बायका, आणि आडनावही तेच. पुढच्या वर्षी गेल्यावर ओळखायच्या कशा? मग गाव ओळखतं तशीच मी ओळख लिहून ठेवायची. ‘दात पुढं.’ ‘सासू खाष्ट, दारातून हलत नाही.’ ‘शेळी तीन वेळा मेली म्हणते.’ ‘चहात साखर फार.’ कुणी काही विचारलं की वही न उघडता मी घडाघडा सांगायची. अध्यक्षीणबाई पाहुण्यांना म्हणायच्या, “आमच्या बाई म्हणजे चालतंबोलतं कपाट आहे.” आणि कपाट म्हटल्याचाही मला अभिमान वाटायचा, काय सांगू!

मग आम्हाला पैसा देणाऱ्यांनी अट घातली. आजवर कुणाला काय दिलं ते सगळं इंटरनेटवर ठेवा. नुसते वहीच्या पानांचे फोटो चालणार नाहीत. कुणालाही उतरवून घेता आलं पाहिजे, गावाप्रमाणं, वर्षाप्रमाणं लावून बघता आलं पाहिजे. याला खुला डेटा म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. आणि तो तयार करायला ती पोरगी आली.

शहागंजातली. तिच्या अब्बांचं बटनं, लेस आणि अस्तराच्या कापडाचं दुकान. पहिल्याच दिवशी माझ्या वह्यांची चळत बघून म्हणाली, “मावशी, घरी बटनं निवडून निवडूनच मोठी झाले मी. हे बी तेच काम.”

माझी तीस वर्षं, आणि हिला बटनं!

खिडकीजवळची, पंख्याखालची जागा माझी होती. तिथं कॉम्प्युटरची वायर पोचते म्हणून ती जागा तिला गेली. चहा आला की पहिला कप खिडकीत जायचा. तिला कोऱ्या चहात लिंबू आवडतं, हेही चहावाल्याला आठवडाभरात पाठ झालं. मला बिनसाखरेचा लागतो, हे त्याला सांगता सांगता माझी चार वर्षं गेली होती.

आणि तिला सापडायचं. हेच फार वाईट होतं. “मावशी, अजिंठ्याच्या या वाचनालयाला एकाच साली दोनदा कपाटं दिली का? की दोनदा लिहिलंय?”

दोनदा लिहिलं होतं. मी म्हटलं, “दोनदा दिली.” आणि मग दोन दिवस तिची नजर चुकवत फिरले. तिसऱ्या दिवशी तिनं वाचनालयात फोन करून विचारलेलं होतं आणि गपचूप दुरुस्तही केलं होतं. मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

एकदा मी वह्यांचा क्रम मुद्दाम उलटापालटा करून दिला. म्हटलं, बस शोधत. दुपारपर्यंत तिनं सगळ्या लावून ठेवल्या. म्हणाली, “तुम्ही मधी तीन सालं जांभळी शाई वापरली ना मावशी, त्यावरून कळलं.” माझ्या शाईकडं आजवर कुणी एवढं निरखून बघितलं नव्हतं. घरच्यांनीसुद्धा नाही. त्याचंही मला बरं वाटायच्या ऐवजी वाईटच वाटलं.

घरी जेवताना माझं तेच पुराण. ती अशी करते, ती तशी बसते, ती डब्यात रोज काय आणते. नात तेव्हा सहा वर्षांची होती. एक दिवस वरणात बोट घालत म्हणाली, “आजी, ती दीदी तुझी बेस्ट फ्रेंड आहे का?” सून ओट्याकडं तोंड करून हसली. मला दिसलं ते.

मग तो दिवस आला. सगळ्या वह्या कॉम्प्युटरात गेल्या होत्या आणि काय बाहेर जाणार, काय नाही, ते ती मला दाखवत होती.

“गटांची, वाचनालयांची नावं जातील. बायकांची नक्को. त्यांना एकेक नंबर दिलाय.”

“आणि शेरा?”

“शेऱ्याचा रकाना काढलाय मावशी. लोकांची खाजगी गोष्ट है.”

“अगं, नावच नाही तर खाजगी कुणाचं?”

“नाव नाही, पन गाव है, साल है, मशीन का शेळी ते है. त्याच्यापुढं शेरा वाचला की गाववाल्याला कळतंच. तुम्ही तर ओळखायलाच लिहिलंय ना?”

बरोबर होतं तिचं. शंभर टक्के बरोबर होतं, आणि म्हणूनच झोंबलं. मला एवढंच दिसलं की सहा रकान्यांतला नेमका माझा रकाना हिनं कापला. जिथं मी होते तिथं आता नंबर होता.

त्याच संध्याकाळी मी अध्यक्षीणबाईंकडं गेले. पोरीबद्दल वावगं काही बोलले नाही. मी काय कच्ची होते? उलट म्हटलं, फार गुणी आहे, फक्त नवीन आहे, तिला माणसं कळत नाहीत. मग वहीतले निवडक शेरे वाचून दाखवले. शेळी तीन वेळा मेली म्हणते, इथं त्या पोह्याची बशी धरून हसल्या. “हे तर गेलंच पाहिजे हो! नाहीतर नुसते आकडे कोण वाचणार?” दुसऱ्या दिवशी त्यांनी तसं सांगितलं. पोरगी म्हणाली, “मॅडम, एकदा परत विचार करा.” त्या म्हणाल्या, केला.

मग तिनं माझे तीस वर्षांचे शेरे एकेक करून टाइप केले. चुकेल म्हणून मी मागं उभी राहून ताडून बघत होते. एक काना चुकला नाही.

सगळं इंटरनेटवर गेलं त्या दिवशी ऑफिसात छोटा कार्यक्रम झाला. अध्यक्षीणबाईंनी माझे शेरे वाचून दाखवले. ‘चहात साखर फार’ला टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत, चार पिनांच्या साडीत. पोरगी मागं कॉम्प्युटर चालवत होती. मी दोनदा मान वळवून बघितलं, तिचं तोंड पडलंय का. ती पडद्यावरचं अक्षर मोठं करत होती, मागच्यांना दिसावं म्हणून.

दीडेक महिना झाला असेल. एक दिवस दुपारी एक बाई दार लोटून आत आली. हातात घडी घातलेला कागद. मी तिला बघताक्षणी ओळखलं. फुलंब्रीची. आम्ही दिलेल्या मशीनवर ब्लाउज शिवून तिनं घर चालवलं होतं, पोरीला कॉलेजात घातलं होतं. पण ती माझ्याकडं आली नाही. सरळ खिडकीजवळच्या टेबलाकडं गेली आणि कागद आपटला.

“ह्ये कुणाचं काम?”

कागदावर आमच्याच साइटवरची ओळ छापलेली होती. फुलंब्री, शिवणयंत्र, नंबर. आणि शेवटी: ‘नवऱ्यानं टाकलेली. बोलायला तिखट.’

“माझ्या पोरीच्या कॉलेजात मास्तरनं सांगितलं, आपापल्या गावाला काय काय भेटलं ते कॉम्प्युटरवर बघा. लावलं की पडद्यावर! त्या साली गावात मशीन आलं ते एकट्या माझ्या घरी. समद्या पोरांना कळलं. हसले. पोरगी आठ दिस झाले घरात बसलीय. म्हणती, ह्ये बदलल्याबिगर मी कॉलेजात पाय ठिवणार नाय.”

पोरगी उभी राहिली. “मावशी, मी लावलं ते. माझी चूक है. माफ करा.”

मावशी! हा शब्द मला वाटायचं तिनं माझ्यापुरता ठेवलाय.

बाईनं तिला खालीवर न्याहाळलं. “तू त्या बटनवाल्याची ना गं? शहागंजातल्या? तुझ्या बापाकडूनच अस्तर नेते मी.” तिचा आवाज जरा खाली आला. “आन तू असलं लिवलंस?”

पोरीनं नुसतं बोट केलं असतं माझ्याकडं तरी भागलं असतं. केलं नाही. खाली मान घालून उभी राहिली, तिच्या टेबलाशी, म्हणजे माझ्या खिडकीशी.

आता इथं मी लिहू शकते की माझं मन जागं झालं. वाचायला बरं वाटेल. पण तसं काही झालं नाही. मला तिचा हेवा वाटला. माझी जागा हिनं घेतली, माझा पहिला कप घेतला, माझ्या वहीतली बाईसुद्धा हिच्या अब्बांचं गिऱ्हाईक निघाली, आणि आता माझा गुन्हापण हीच घेणार? आणि वर मोठी ठरणार?

“ती नाही,” मी ओरडलेच. “मी लिहिलंय. अक्षर माझं आहे.” आणि कपाटातून वही काढून तिच्यापुढं पान उघडलं. “इंटरनेटवर टाकायचा हट्टही माझाच. ही नको म्हणत होती.”

बोलून झालं, आणि मी खुर्चीवर बसले. बाईनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

“मला इचारलं व्हतं?”

“नाही.”

“मग कुणी सांगितलं?”

“तुमच्या शेजारणीनं. तुम्ही कापडं आणायला गेला होता तेव्हा.”

“शेजारीण!” बाई हसली. हसणं कसलं, नाकातून वारं सोडलं. “मला कुणी टाकलं नाय बाई. मी निघून आले. पोरगी काखंत आन कातर पिशवीत. त्यो दोनदा न्यायला आला व्हता, दोन्ही टायमाला दारातूनच लावला वाटंला. आन तुमी वीस वर्सं ह्ये लिवून ठिवलंय.”

पोरगी म्हणाली, “मावशी, आत्ता काढते मी.” कुठल्या मावशीला म्हणाली ते मी विचारलं नाही.

“काढू नको. काढलं तर लोक म्हणतील खरं व्हतं म्हणून पुसलं. नीट लिव. माझ्या पोरीला त्याच पडद्यावर दाखवायचंय.”

“मग तुमची सही लागंल. तुमच्या मर्जीनं ठेवलं म्हणून. बाकीच्यांचे शेरे मी आजच सगळे काढते.” हे म्हणताना तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. चारशे-पाचशे माणसं त्या रकान्यात उघडी बसली होती, आणि मी टाळ्या मोजत होते.

बाईनं सही केली. मग मला म्हणाली, “तुमीबी लिवा. वहीत.”

वहीत खोडाखोड करायची नाही, चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, वर नवीन लिहायचं आणि बाजूला सही, हा नियम मीच कधीतरी घातलेला. तीस वर्षांत तो पाळायची वेळ माझ्यावर आली नव्हती, कारण माझं चुकलंय असं मी कधी मानलंच नव्हतं. रेघ मारली. बाई सांगत गेली, मी लिहीत गेले: नवऱ्याला सोडून आली, स्वतःच्या मर्जीनं. माझं ‘मर्जीनं’ लिहून व्हायच्या आत खिडकीत पोरीचं टाइप होऊन कागद छापून बाहेरही आला होता. तिथंही तीच पुढं.

बाईनं नवा कागद नीट घडी करून ब्लाउजात ठेवला. मला वाटलं, आता सगळंच स्वच्छ करावं. पेन उचललं आणि ‘बोलायला तिखट’वरही रेघ ओढायला गेले. तिनं त्या दोन शब्दांवर तळहात ठेवला.

“ह्याला हात लावायचा नाय बाई,” ती म्हणाली, “त्येवढंच एक तुमी सोता बघून लिवलंय.”