बाई, पिशवी काढा

आमच्या गल्लीत कोणाची पिशवी आहे आणि कोणाची काढली, हे सगळ्यांना तोंडपाठ. पिशवी म्हणजे गर्भाशय, पण तो शब्द आमच्याकडे फक्त दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेला असतो. कंबर दुखली, अंगावरून जास्त गेलं, चक्कर आली, की इलाज एकच. काढून टाक पिशवी. हलणारा दात काढावा इतक्या सहज बायका हे एकमेकींना सांगायच्या. आता पाळी माझ्या थोरल्या जाऊची होती.

जाऊ अजून चाळिशीच्या आतली. धामणगावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते आणि तो भरलेला भला मोठा गंज एकटी चुलीवरून उतरवते. वर्षभर तिची कंबर दुखत होती, अंगावरून पांढरं जात होतं, पाळी लांबत होती. एका डॉक्टरनं पोट दाबून पाहिलं आणि सांगितलं, काढून टाका. दिवाळीनंतरचं ठरलंसुद्धा. सासूबाई म्हणाल्या, "सारी गल्ली काढते, तू काऊन अडून बसली?"

भांडी घासताना जाऊ मला म्हणाली, "मंग जड उचलाचं नाई म्हणतात. माहा गंज कोन उचलन?" थोडा वेळ कढई घासली आणि परत म्हणाली, "अन् आतून रिकामं रिकामं वाटत असन का वं?"

मला असा राग आला की ती कढई मी तिच्या हातातून ओढून घेतली. एक साधी तपासणी नाही, काही नाही, आणि माणूस सुरी लावायला तयार. राग आला की मला स्वस्थ बसवत नाही. त्यामुळे गावच्या आशाताईनं विहारात बायकांची मीटिंग घेतली, तेव्हा मी जाऊला ओढत पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. आशाताई म्हणाली, बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात बीपी, शुगर, रक्त, छाती, सगळं तपासतात, आणि पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर तर नाही ना, तेही पाहतात. पिशवीला तोंड असतं हे आम्हाला तिथंच कळलं. मागून एक म्हातारी म्हणाली, "बरं हाये, बोलत नाई थे."

जायच्या दिवशी आम्ही सगळ्या ठेवणीतल्या साड्या नेसलो. नवऱ्यानं विचारलं, "दवाखान्यात चालल्या का लग्नाले?" मी म्हटलं, "दोन्हीकडं वाटच पाहा लागते, म्हनून डबाबी घेतला." खरं सांगायचं तर मी हरखून गेले होते. बाप्यामाणूस सोबत नाही, अर्धं तिकीट, खिडकीची जागा, आणि आज काय ते कळणार. घरात दुसऱ्यांनी ठरवून टाकलेली गोष्ट आज कोणीतरी नीट डोळ्यांनी बघणार होतं.

जाऊनं भाकरी-ठेच्याची कापडी पिशवी पायाशी, येण्याजाण्याच्या वाटेत ठेवली होती. कंडक्टर तिकिटं फाडत आला आणि म्हणाला, "ओ बाई, पिशवी काढा तिथून."

मागच्या सीटवर कोणीतरी फिसकन हसलं. मी वळून डोळे वटारले. जाऊनं मुकाट्यानं पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि राजूर घाट चढेपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून खिडकीबाहेर बघत राहिली.

दवाखान्यात आम्हा बायकांनी नुसता गलबला केला. बीपीचा पट्टा फुगला की हसायचं, बोटाला सुई टोचली की हसायचं. माझं वजन नर्सबाईनं मोठ्यानं वाचलं, तेव्हा तर सगळ्या फारच हसल्या. मग आतल्या खोलीत एकेकीला बोलावलं. माझी तपासणी झालीसुद्धा. थोडं अवघडल्यासारखं वाटलं, दुखलं काहीच नाही. जाऊनं मात्र माझा हात सोडला नाही, म्हणून नर्सबाईनं मला पडद्याशी उभं राहू दिलं.

नर्सबाई तिला समजावून सांगत होती, "आता तिथं औषध लावू. व्हिनेगरसारखंच असतं. मिनिटभर थांबायचं. कुठं पांढरं दिसलं, तर पुढची तपासणी करावी लागते."

जाऊ ताडकन उठून बसली. "मंग तं झालंच माह्यं. मले तं वर्सभर पांढरंच जाऊन राह्यलं." आणि ती खाली उतरायला लागली.

नर्सबाईला आधी कळेचना. मग कळलं. ती म्हणाली, "ताई, जातं ते पांढरं वेगळं. हे औषध लावल्यावर चामडीला दिसणारं पांढरं वेगळं." मी जाऊचे खांदे धरून तिला परत निजवलं.

ते मिनिट काही केल्या सरेना. डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या आणि मी त्यांच्या तोंडाकडं. माझी छाती अशी धडधडत होती की मगाचा बीपीचा पट्टा आता लावला असता तर फुटलाच असता. जाऊनं डोळे गच्च मिटले होते.

"काही पांढरं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सूज आहे. गोळ्यांनी जाईल. सोनोग्राफी करून या, मग बोलू."

सोनोग्राफीतही काही निघालं नाही. रक्त कमी होतं, त्याच्याही गोळ्या मिळाल्या. तीन महिन्यांनी परत दाखवायला सांगितलं. जाऊनं घाबरत विचारलं, "अन् पिशवी?"

"राहू द्या तिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काढायची काही गरज नाही."

जाऊ आधी हसली, मग रडली, मग भूक लागली म्हणाली. मला तर रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून आत पाठवावंसं वाटत होतं. आवारातल्या झाडाखाली आम्ही भाकरी सोडली. इतका झणझणीत ठेचा मी कधी खाल्ला नाही, पण एकीनंही पाणी मागितलं नाही.

परतीच्या गाडीला तोच कंडक्टर होता. गाडी गच्च भरलेली, आणि जाऊची पिशवी पुन्हा वाटेत. तो दोन माणसांच्या मधून वाट काढत आला आणि वैतागून म्हणाला, "ओ बाई, सकाळी सांगतलं ना? पिशवी काढा तिथून."

जाऊनं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं. शाळेत पोरांना ओळीत बसवताना काढते तो आवाज तिनं काढला. "नाई काढत, भाऊ. आत्ताच डॉक्टरीनबाईले इचारून आली. काढाची काई गरज नाई म्हने."

आम्ही सगळ्या जणी पोट धरून हसलो. सकाळी फिसकन हसलेली तर डोळे पुसत होती. कंडक्टर आमच्याकडं बघतच राहिला, आणि मग पाय उचलून, पिशवी ओलांडून पुढं गेला.