उमाजीराव सतार शिकतात

बेंगळुरूत बनशंकरीच्या भाजीबाजारात एका बाईचा धक्का लागून उमाजीरावांच्या हातातली पिशवी पडली. टोमॅटो गडगडत रस्त्याच्या कडेला गेले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, स्वल्प बघून चाल की!"

ती बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला काही कळलं नव्हतं. मग उमाजीरावांनी तेच कन्नडमध्ये सांगितलं, तिनं माफी मागितली, दोघांनी मिळून टोमॅटो गोळा केले. घरी येऊन पिशवी ओट्यावर ठेवताना त्यांच्या लक्षात आलं, की पाच महिन्यांत आपण मराठीत बोललेलं हे पहिलं वाक्य. प्रेमाक्का गेली त्याला तेवढेच महिने झाले होते.

प्रेमाक्का त्यांची थोरली बहीण. ऐन तिशीत नवरा गेल्यावर ती माहेरी आली ती कायमची. उमाजीरावांचं लग्न दोनदा जुळता जुळता राहिलं आणि नंतर त्यांनीच तो विषय सोडून दिला. आईवडील गेल्यावर त्या घरात दोघंच उरली. चौतीस वर्षं भाऊ-बहीण एका छताखाली राहिली. उमाजीराव टेलिफोन खात्यात होते. रस्त्याखालच्या खड्ड्यात उतरून केबलच्या शेकडो बारीक तारा एकेक करून जोडायच्या, हे त्यांचं काम. संध्याकाळी मातीनं माखून घरी आले की अक्का दारातूनच ओरडायची, "बेग आंघोळ कर रे, भात निवालाय!"

हे त्यांच्या घरचं मराठी. साडेतीनशे वर्षांपूर्वी कधीतरी फौजेबरोबर खाली आलेल्या माणसांचं. महाराष्ट्रात आता त्यांचं कुणी ओळखीचंसुद्धा नव्हतं. शाळा कन्नड, ऑफिस कन्नड, बाजार कन्नड; मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. त्यामुळे त्यात अर्धे शब्द कन्नड शिरलेले. 'लवकर'ला 'बेग', 'थोडं'ला 'स्वल्प', उगीच बसून राहणाऱ्याला 'सुम्मने का बसलास?' चुलत पुतण्या रविकिरण आणि त्याची बायको सुप्रीता महिन्यातून एकदा येऊन जायची. दोघंही चांगली, पण ती बोलायची कन्नडमध्ये, आणि त्यांची मुलं इंग्रजीत.

तर अक्काबरोबर घरातला आवाजच गेला. उमाजीराव टीव्ही लावून ठेवायचे. मग तोही बंद करायचे. संध्याकाळी घरात बसवेना म्हणून चालायला निघायचे, ते कधी कधी पार जे. पी. नगरपर्यंत जायचे.

तिथेच एका शनिवारी, एका तीनमजली घराच्या खालून जाताना वरून सतारीचा आवाज आला. कुणीतरी नवखं वाजवत होतं. चार सूर धड, पाचवा चुकलेला. त्यात उमाजीरावांनी थांबावं असं काही नव्हतं. पण लगेच एका बाईचा वैतागलेला आवाज आला, "अरे देवा, परत तेच! बघून वाजव ना जरा!" आणि पुढे इंग्रजीत काहीतरी समजावणं.

उमाजीराव रस्त्यात उभे राहिले. ते मराठी होतं. त्यांच्या घरचं नव्हे, पुस्तकातलं, स्वच्छ धुतलेलं; पण मराठी होतं. पुढच्या शनिवारी ते पुन्हा त्याच वेळी तिथून गेले. तिसऱ्या शनिवारी जिना चढले.

दार उघडलं ते भार्गवीनं. वय तिशीच्या आसपास, पुण्याची. नवरा अमित व्हाइटफील्डला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. लग्न होऊन ती चार वर्षांपूर्वी इकडे आली होती आणि शनिवार-रविवार मुलांना सतार शिकवत होती. पांढऱ्या मिशांच्या या गृहस्थांना पाहून तिनं हिंदीत विचारलं, "नातवाला शिकवायचंय का?"

"न्हाई मेडम," उमाजीराव म्हणाले. "मलाच शिकायचं हाय."

"अय्या, तुम्ही मराठी!" ती एकदम हसली. "या ना काका, आत या. पण आधी कधी काही वाजवलंय?"

"काहीच न्हाई."

"मग सतारच का?"

या प्रश्नाची तयारी उमाजीरावांनी केली नव्हती. "ल्हानपणापासून आशा होती," असं ते बोलून गेले. खोटं होतं ते. सतार त्यांनी उभ्या आयुष्यात जवळून पाहिली नव्हती. त्यांच्या गल्लीत मुली वीणा शिकायच्या, पोरं मृदंग. पण जिना उतरताना, आपण दहा मिनिटं सलग मराठीत बोललो, या आनंदात त्यांना त्या खोट्याचं काही वाटलं नाही.

सतार मिरजेहून मागवली गेली. ती येईपर्यंत भार्गवीच्या जुन्या सतारीवर धडे सुरू झाले, रविवारी सकाळी, मुलांच्या आधी. पहिले दोन रविवार नुसतं बसण्यात गेले. डावा पाय आडवा दुमडून त्याच्या तळव्यापाशी भोपळा टेकवायचा, उजवा गुडघा त्यावरून घ्यायचा, दांडी तिरकी धरायची आणि ती डाव्या हातानं तोलायची नाही. उजव्या कोपराच्या दाबानंच ती तशी राहिली पाहिजे. साठीला टेकलेले गुडघे हे ऐकेनात. मग उजव्या हाताच्या पहिल्या बोटात नखी आली. तारेची ती छोटी टोपी इतकी घट्ट, की बोटाचं टोक निळं पडायचं. आत मारलं की 'दा', बाहेर मारलं की 'रा'. दा रा दा रा. बस्स, एवढंच, अर्धा अर्धा तास.

खरा त्रास डाव्या हाताचा होता. उमाजीरावांना वाटलं होतं, जन्मभर तारा हाताळल्या, बोटं निबर झालेली, आपल्याला काय होणार? पण केबलमधली तांब्याची तार मऊ, ही पोलादाची. दांडीवरच्या पितळी पट्टीमागे, म्हणजे पडद्यामागे, ती दाबून बोट सरकवायचं, तर दुसऱ्या दिवशी बोटाच्या पेरावर काळी चीर पडली. तिसऱ्या दिवशी रक्त आलं.

"खोबरेल तेल लावत जा," भार्गवी म्हणाली. "आणि थांबू नका. दोन-तीन महिन्यांत घट्टा पडेल, मग काही नाही."

नवी सतार आली. अक्काच्या खाटेची जागा रिकामी होती, तिथे चटई टाकून उमाजीराव रोज दुपारी बसू लागले. सा रे ग म, रे ग म प. वाजवणं महत्त्वाचं नव्हतंच; आठवडाभर ते रविवारची वाट पाहायचे. भार्गवी चहा करायची. तिला ते जुन्या बेंगळुरूबद्दल सांगायचे, कुठे तलाव होता, कुठे पाणी शिरून केबल कुजायच्या. ती म्हणायची, "काका, तुम्ही आलात की घरी कुणी आल्यासारखं वाटतं." अमित शनिवारीसुद्धा लॅपटॉपसमोर असायचा. तिचंही मराठी जास्त करून फोनवरच चालायचं.

तीन महिने असे गेले. एका रविवारी उमाजीरावांचा गुडघा धरला होता. "मेडम, आज गुडघा स्वल्प दुखालाय," ते म्हणाले, "बेग उठायला येईना मला." धडा आटोपता घेऊन ते निघाले. खाली पोचल्यावर लक्षात आलं, की चष्मा वरच राहिला. कठड्याला धरून पुन्हा वर गेले. दार अर्धवट उघडं होतं. आत भार्गवी फोनवर आईशी बोलत होती.

"अगं, आज काय म्हणाले माहितीये? 'गुडघा स्वल्प दुखालाय! बेग उठायला येईना!'" तिनं हुबेहूब त्यांचा हेल काढला. "इतकं गोड बोलतात ना, मला हसू आवरत नाही. परत ऐक, 'दुखालाय'!"

उमाजीराव चष्मा न घेताच उतरले.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं, हे त्यांना तेव्हाही कळत होतं. पण आपलं मराठी कुणाला हसू येण्यासारखं आहे, हे त्यांना साठ वर्षांत कधी सुचलंच नव्हतं. त्यांच्या कानाला तो हेल त्यांचा नव्हताच. तो अक्काचा होता. भात निवालाय म्हणणाऱ्या अक्काला कुणीतरी फोनवर वेडावून दाखवत होतं.

पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. तिचा फोन आला, "काका, चष्मा राहिलाय तुमचा. बरे आहात ना?"

"खोकला हाय," ते म्हणाले आणि फोन ठेवला. दुसरा रविवार गेला, तिसराही. जुन्या चष्म्यानं ते पेपर वाचायचे. सतार गवसणीत घालून कोपऱ्यात उभी होती. आता शिकण्याचं काही कारणच उरलं नव्हतं; ती कुणाला तरी देऊन टाकावी, असं त्यांनी ठरवूनही टाकलं.

देण्याआधी एकदा पुसावी म्हणून त्यांनी गवसणी काढली. पुसता पुसता बोट तारेला लागलं, आणि नखी घालून त्यांनी एक 'सा' वाजवला. इतके दिवस तिथे सुराबरोबर घासल्यासारखी किरकिर यायची. त्या दुपारी ती आली नाही. सूर निघाला, खालच्या बारीक तारांनी, तरफांनी, तो उचलला, आणि खोलीत बराच वेळ राहिला. उमाजीरावांनी बोट पाहिलं. चीर बुजून तिथे टणक घट्टा झाला होता. त्यांनी पुन्हा वाजवला. मग 'रे'. तासाभरानं ते उठले तेव्हा दोन्ही पाय बधिर झाले होते आणि त्या तासात त्यांना कुणाचीच आठवण आली नव्हती, अक्काचीसुद्धा. याचं त्यांना आधी बरं वाटलं, मग अपराध्यासारखं वाटलं.

चौथ्या रविवारी ते जिना चढले. भार्गवीनं चष्मा हातात दिला. उमाजीराव हिंदीत बोलले. "नमस्ते. आज क्या बजाना है?"

ती चकित झाली. "काका, हिंदी काय बोलताय माझ्याशी?"

"असंच."

"खरं सांगा."

त्यांनी सतार मांडीवर घेतली, दांडी तिरकी केली आणि खाली बघत म्हणाले, "मेडम, त्या दिवशी मी चष्म्याला म्हणून परत आलेलो. तुमी फोनवर होता."

भार्गवीचा चेहरा उतरला. "मी... काका, मी चेष्टा नव्हते करत हो. मला खरंच आवडतं तुमचं बोलणं. आईला पण."

"ठाऊक हाय मला. राग न्हाई." त्यांनी बोटात नखी चढवली. "ते बोलणं आमच्या अक्काचं. ती गेली. आता तसं बोलणारं कोण उरलं न्हाई. मी सतार शिकायला आलोच न्हवतो, खरं सांगू का? मराठी ऐकायला आलतो."

खालून रिक्षा गेली. मग भार्गवी म्हणाली, "आणि आता?"

"आता शिकायची हाय."

"बरं," ती म्हणाली. डोळे पुसून तिनं स्वतःची सतार ओढून घेतली. "मग आज यमन सुरू करू."

त्या दिवसापासून ती कडक झाली. चहा धडा संपल्यावर. हात चुकला की मुलांसारखंच थांबवायची. उमाजीरावांना ते आवडलं. यमनच्या गतीच्या, म्हणजे सतारीवरच्या बंदिशीच्या, पहिल्या ओळीपर्यंत ते पोचले आणि जूनमध्ये तिनं सांगितलं, की अमितला रोजचा प्रवास झेपत नाही, आम्ही व्हाइटफील्डला जातोय.

"तिकडे या की काका. मेट्रो आहे."

ते गेले. सतार घेऊन जाणं शक्य नव्हतं. तिच्या सतारीवर वाजवायचं म्हणून हात हलवत गेले. बनशंकरीहून मॅजेस्टिक, तिथे गाडी बदलून शेवटच्या टोकापर्यंत, पुढे रिक्षा, मग त्या उंच इमारतींच्या फाटकावर नाव लिहून आत. जायला दोन तास, यायला दोन. दुसऱ्यांदा गेले तेव्हा भार्गवीला दिवस गेले होते आणि तिला खाली बसवत नव्हतं. तिसऱ्यांदा तिनंच नको म्हटलं. व्हिडिओवर शिकवून पाहिलं; 'दा' इकडे वाजायचा आणि तिकडे पोचेपर्यंत ताल निघून जायचा. दिवाळीच्या सुमारास ती बाळंतपणाला पुण्याला गेली.

उमाजीराव रोज दुपारी बसत राहिले. एकट्यानं सतार लावायला तीन आठवडे लागले. खुंटी जरा जास्त पिळली की तार तटकन तुटायची. नवी तार चढवणं मात्र त्यांना पहिल्याच खेपेला जमलं. मात्रा मोजताना ते मोठ्यानं बोलू लागले, चुकलं की स्वतःवर ओरडू लागले. "सुम्मने घाई करू नको रे!" शेजारच्या कावेरीअम्मांनी एकदा भिंतीवरून विचारलं, की पाहुणे आलेत का? त्यांनी नाही म्हणून सांगितलं.

जानेवारीत एका दुपारी गतीची ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत लयीत वाजली आणि न मोजता सम बरोबर आली. हे सांगायला कुणी नव्हतं. त्यांनी तेच पुन्हा वाजवून फोनवर रेकॉर्ड केलं आणि भार्गवीला पाठवलं. संध्याकाळी बघितलं, रात्री बघितलं, सकाळी उठल्या उठल्या बघितलं. तिनं ऐकलेलं नव्हतं. उत्तर आलं ते तिसऱ्या दिवशी, बाळाच्या फोटोच्या खाली. मुलगी झाली होती, नाव ईरा ठेवलं होतं. मग एकच ओळ: 'छान काका. पण तीव्र मध्यम किंचित उतरतोय, पडदा तपासा.'

उमाजीरावांनी फोटो मोठा करून पाहिला. नंतर सतार मांडीवर घेतली, त्या पडद्याची दोरी सैल केली आणि तो केसभर पुढे सरकवला. वाजवून पाहिलं. अजून कमी होता. पुन्हा केसभर. दुपार टळून खोलीत अंधार व्हायला लागला, तेव्हा कुठे तो सूर जागेवर आला. त्यांनी दोरी घट्ट बांधली, उठून दिवा लावला आणि गत पहिल्यापासून धरली.