दिवस मावळायच्या आत जेवण

कंपनीच्या वार्षिक तपासणीत ह्यांची साखर वाढलेली निघाली. रक्तदाबही वाढलेला, शिवाय लिव्हरवर चरबी. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये हे सुपरवायझर होते. पाळ्या बदलायच्या तशा जेवणाच्या, झोपेच्या वेळा बदलायच्या. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "गोळ्या त्यांचं काम करतील. बाकीचं तुम्हाला करायचंय."

त्या रविवारी हे मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ बघत बसले होते. पूर्वज काय खायचे, कसे बसायचे, कधी झोपायचे. मी पोहे घेऊन बाहेर आले, तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून म्हणाले, "अगं, मी हे कुणाकुणाचं काय ऐकत बसलोय? माझा पूर्वज तर जिवंत आहे. गावात एकटा भाकऱ्या थापून खातोय."

हा पूर्वज म्हणजे माझे सासरे. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. देशावरच्या कोरडवाहू गावात राहायचे. वय नव्वदीच्या घरात, पण दात शाबूत, पाठ ताठ. सासूबाई गेल्यापासून एकटेच होते. डोंबिवलीला चला म्हणून आम्ही कितीदा विनवलं असेल. यायचे, दोन दिवस गॅलरीत बसायचे आणि "कोंडल्यासारखं हुतंय" म्हणून परत जायचे. या वेळी हे गावी गेले आणि वेगळंच बोलले. म्हणाले, "आप्पा, मला बरं नाही. तुमच्यासारखं जगायला शिकवा."

आप्पांनी त्याच दिवशी घराला कुलूप लावलं.

खरं तर हे बापलेक कधी नीट एकत्र राहिलेलेच नव्हते. गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढे शिकायला हे विठ्ठलवाडीला मामांकडे आले, आणि इकडचेच झाले. सुट्टीत गावी गेले तरी बाप रानात आणि मुलगा पाहुण्यासारखा घरात. आमच्या लग्नानंतरही मी दोघांचं बोलणं ऐकायची ते एवढंच, "पाऊस कसाय तिकडं?" "बरा हाय." मग फोन माझ्या हातात.

आप्पा आले आणि घराचं वळण बदललं. उजाडायच्या आत दोघं उठायचे. तांब्याभर पाणी पिऊन, लिफ्ट न वापरता जिन्याने उतरून, मागच्या मैदानावर अनवाणी चालायला जायचे. डायनिंग टेबलवर इस्त्रीचे कपडे साचू लागले, कारण आम्ही खाली पाटावर जेवायला बसायला लागलो. सुरुवातीला ह्यांना मांडी घालता येईना. एक पाय पुढे सोडून, टेकून बसायचे आणि उठताना माझा हात मागायचे. आप्पा ताटलीतून मान वर न करता म्हणायचे, "बैल बी ह्याच्यापेक्षा नीट बसतो."

ज्वारी दळून आणणं माझ्याकडे होतं. मी शिकवते त्या शाळेतून येताना गिरणीत थांबायची. गिरणीवाला गव्हाच्या पिठावर ज्वारी घालायला तयार नसायचा, मग तांदळाची दळणं होईपर्यंत वाट बघायची. भाकरी मला यायची नाही. माझं माहेर रत्नागिरीकडचं, तांदळाच्या भाकरीवर हात बसलेला. ज्वारीची माझ्या हातात मोडायची. आप्पा ओट्याशी उभे राहून सांगायचे, "पानी गरम घे. आन् घाई करू नको." हे ते मोडकेच तुकडे ताकात कुस्करून खायचे आणि वर छान झाली म्हणायचे.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा ह्यांचा सगळ्यात आवडता नियम. पण कामावर असताना ते कसं जमणार? मग मी दुसरा डबा द्यायला लागले. पाचच्या सुमारास काम दुसऱ्यावर सोपवून हे शेडच्या मागे बसून भाकरी खायचे. बरोबरचे चिडवायचे, "साहेब, जैन झालात काय?"

एकदा जेवताना ह्यांनी आप्पांना विचारलं, "तुम्ही सगळे लवकर जेवायचात, ते पचनासाठीच ना?"

आप्पा हसले. "कसलं पचान! रॉकेल न्हवतं. अंधारात ताटात काय पडलंय दिसायचं न्हाई, म्हनून उजेडात खायाचं."

"आणि ज्वारी?"

"गहू कुनी बघितला हुता? सणाला पोळी व्हायची, ती बी पोरांना." मग म्हणाले, "तुला बरं वाटतंय न्हवं? मग खा."

आप्पांना स्वतःला क्रीमची बिस्किटं फार आवडायची. कोपऱ्यावरच्या दुकानातून ते गुपचूप आणायचे. एका रविवारी ह्यांनी त्यांना गॅलरीत पकडलं. "आप्पा, अहो, हे काय? मला भाकरी आणि तुम्ही इथे मैदा खाताय?"

"माझ्या बापानं मला कधी दिली न्हाईत," आप्पा शांतपणे म्हणाले आणि पुडा पुढे केला. "एक घे. एकानं मरत न्हाईस."

दोघांनी एकेक खाल्लं. मी स्वयंपाकघरातून बघत होते. ह्यांना इतकं मोकळं हसताना मी फार दिवसांनी पाहिलं.

संध्याकाळी हे घरी असले की आप्पांचे तळपाय काशाच्या वाटीने घासून द्यायचे. तेलाचं बोट लावून, वाटी गोल गोल फिरवत. तेही व्हिडिओतच पाहिलेलं. आप्पांच्या टाचा एवढ्या भेगाळलेल्या की वाटी अडायची. एक दिवस आप्पांनी वाटी ह्यांच्या हातातून काढून घेतली.

"आता तू पाय पसर."

"अहो आप्पा, तुम्ही नका. मुलाच्या पायाला हात लावतात का कुणी?"

"ल्हान हुतास तवा तुझी आई चोळायची. मला येळ न्हवता." आणि त्यांनी मुलाचा पाय मांडीवर घेतला. हे एवढे पन्नाशी ओलांडलेले, केस पिकलेले. डोळ्यांवर हात आडवा ठेवून पडून राहिले. त्यानंतर रोज आधी एकाचे पाय, मग दुसऱ्याचे, असं सुरू झालं.

वर्षभरात साखर उतरली. पँटा ढिल्या झाल्या, मी त्या आत घेऊन शिवल्या. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. आमची मुलगी पुण्याहून आली की म्हणायची, "बाबा, तुम्ही माझ्या लग्नात दिसत होतात त्यापेक्षा तरुण दिसताय आता." आमच्या घरात तेव्हा एक समाधान होतं, आणि मला वाटायचं, आता हे असंच राहील.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दोघं नेहमीसारखे मैदानावर गेले. चालताना ह्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आप्पा, जरा बसतो." कडेच्या बाकावर बसले. आप्पांना वाटलं, दमला असेल. ते बाकाशेजारी उभे राहिले. मग ह्यांची मान कलली. आप्पांनी हाका मारल्या, खांदा धरून हलवलं, उचलायला गेले, पण एवढ्या माणसाला ते कसे उचलणार? फिरायला आलेल्या लोकांनी रिक्षा थांबवली. मला फोन आला तेव्हा मी भाकरीचं पाणी तापत ठेवलं होतं. हॉस्पिटलमध्ये पोचले तर आप्पा बाहेर अनवाणी उभे. पाय मातीने भरलेले. माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, बसतो म्हनला गं. नुसता बसतो म्हनला."

डॉक्टर मला म्हणाले की हृदयातले अडथळे जुने होते, बऱ्याच वर्षांचे. हे कधीही होऊ शकलं असतं, कदाचित याआधीच झालं असतं. मी ते आप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांच्या डोक्यात ते शिरलं नाही.

दहा-बारा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. येणारा प्रत्येक जण तेच म्हणायचा. "एवढं पथ्य पाळून काय मिळालं?" आणि मग आप्पांकडे वळून, "पण आप्पा बघा, या वयात अजून किती काटक!" कौतुकानेच म्हणायचे. त्यांना कळतही नसेल. आप्पा भिंतीकडे तोंड करून बसायचे.

सगळे गेले, आणि आम्ही दोघंच उरलो. आप्पांनी चालायला जाणं सोडलं. उजाडून वर आलेलं ऊन गॅलरीतून त्यांच्या अंथरुणावर यायचं तरी उठायचे नाहीत. जेवायला वाढलं तर दोन घास खाऊन ताट सरकवायचे. मलाही, खरं सांगायचं तर, सुरुवातीला त्यांच्याकडे बघवायचं नाही. त्यांची ती ताठ पाठ, ते शाबूत दात. पिठाच्या डब्यातली ज्वारी कडू झाली. मी ती फेकून दिली आणि पुन्हा दळण टाकलं नाही. शाळेतून आले की ओट्याशी उभी राहून डब्यातलं फरसाण नाहीतर सकाळची पोळी खायची, तेच माझं जेवण.

फाल्गुनात आप्पा जिन्यात चक्कर येऊन बसले. मुलगी आली होती, ती आणि मी त्यांना तपासायला घेऊन गेलो. सगळ्या चाचण्या झाल्या. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट बघून तो तरुण डॉक्टर खूश होऊन म्हणाला, "आजोबा, नुसता अशक्तपणा आहे. बाकी सगळं नॉर्मल! साखर नाही, हार्ट छान. तुम्ही तर शंभरी गाठणार."

आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "डाक्टर, नीट बघा. दुसऱ्या कुनाचं असंल."

"नाही आजोबा, तुमचंच आहे."

बाहेर येऊन ते पॅसेजमधल्या खुर्चीवर बसले आणि धोतराचा सोगा तोंडाला लावून रडायला लागले. मुलगा गेला त्या दिवशीही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. मुलगी त्यांच्यापुढे उकिडवी बसून "आजोबा, आजोबा" करत होती. ते मला म्हणाले, "म्या का मागं ऱ्हायलो गं? त्याला शिकवाया आलो हुतो ना? मग हे समदं माझ्याच अंगाला कसं लागलं?"

मी त्यांच्या शेजारी बसले. मनात एवढे दिवस त्यांच्याबद्दल जे काही आंबट साचलं होतं, ते तिथे त्या खुर्चीवर निवळलं. या माणसाला निरोगी असण्याची लाज वाटत होती. माझ्यापेक्षा त्यांचंच ओझं जड होतं.

मुलगी पुण्याला परत गेली, त्या संध्याकाळी मी ओट्याशी उभ्या उभ्या खात होते. आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"बसून खा, पोरी."

"कशाला आप्पा? होतंच आलंय."

ते आत आले. भिंतीला धरून हळूहळू खाली बसले. आधी आधार लागायचा नाही. समोरच्या फरशीवर हात ठेवून म्हणाले, "तू बसलीस तर मी बी खातो."

मी बसले. शिळी पोळी आणि शेंगदाण्याची चटणी होती. आम्ही दोघांनी ती खाल्ली. बाहेर अजून उजेड होता. आम्ही दोघंही खिडकीकडे बघायचं टाळत होतो.

पुढे तसंच सुरू झालं. माझी शाळा सुटली की मी सरळ घरी यायची, आणि दिवा लावायच्या आधी आम्ही जेवायला बसायचो. मी खाते की नाही ते आप्पा बघायचे, आणि ते खातात की नाही ते मी. तब्येतीचं नाव आमच्यापैकी कुणीच काढलं नाही. अधूनमधून ते मुलाचं काहीतरी सांगायचे. तो लहानपणी माती खायचा, बैलाला घाबरायचा, मामांकडे निघाला त्या दिवशी सकाळी विहिरीमागे लपून बसला होता. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पंचवीस वर्षांहून जास्त संसार केला, पण विहिरीमागे लपलेला तो मुलगा मला कधी भेटला नव्हता.

चैत्रात गावची जत्रा आली. आप्पांचा पुतण्या न्यायला आला. आप्पा म्हणाले, "जाऊन येतो. देवाला एकदा बघतो." मी कपडे भरून दिले. रोज संध्याकाळी पुतण्याच्या फोनवरून त्यांचा आवाज यायचा, "जेवलीस का?" मी जेवलेली नसले तरी हो म्हणायची, आणि मग फोन ठेवून खरंच ताट वाढून घ्यायची. परत कधी येताय विचारलं की म्हणायचे, "येतो. जरा ऊन उतरू दे."

वैशाखात एका दुपारी ते ओसरीवर आडवे झाले आणि उठलेच नाहीत. पुतण्याचा फोन आला तेव्हा माझी शाळेची सुट्टी होती. मुलगी पुण्याहून परस्पर पोचली, मी डोंबिवलीहून.

गावातली माणसं जमली होती. सगळ्यांच्या बोलण्यात एकच होतं. भाग्यवान माणूस. दुखणं नाही, खुपणं नाही, अंथरूण धरलं नाही, शेवटपर्यंत भाकरी खाल्ली. जुनी हाडं ही, आताच्या माणसांना असं मरण येत नाही. एक बाई माझा हात धरून म्हणाल्या, "काही आजार नव्हता ना त्यांना?"

मी त्या बाईंकडे पाहिलं. पॅसेजमध्ये धोतराचा सोगा तोंडाला लावून रडणारे आप्पा आठवले. "नाही," मी म्हणाले, आणि आत जाऊन मुलीजवळ बसले.