टपाच्या वर नेलेला पाईप

आनंदा हवालदार गाडीत उदबत्ती लावायचा. सगळ्या काचा बंद, खाली जनरेटर चालू, आणि हा गुडघ्यावर बसून उदबत्ती दाराच्या रबराजवळून, पलंगाखालून, बेसिनच्या भोकाजवळून सावकाश फिरवायचा. धूर सरळ वर गेला तर पुढं. जिथं हलला तिथं खडूची खूण, आणि ती फट बुजवायचं काम माझं. वाईला शूटिंगच्या वेळी एका नटीनं हे बघितलं, चपला काढल्या आणि प्रसादाला हात पुढं केला. हा म्हणाला, "बाई, ह्यो देव न्हवं. जिथनं वारं आत येतंय, तिथनंच मरान येतंय. ते हुडकतोय." बाईनं हात मागं घेतला तो घेतलाच.

माणूस औंधजवळचा. फौजेत गाड्या दुरुस्त करायचा. पेन्शनीत आल्यावर त्यानं जुनी मिनीबस घेतली आणि तिचं चालतं घर केलं. पलंग, संडास, मोठा आरसा, एसी. शूटिंगवाले अशा गाडीला व्हॅनिटी म्हणतात. एसीला जनरेटर लागतो, तो मागच्या बाजूला फरशीखाली बसवला. त्याच्या धुराचा पाईप करून घ्यायला तो माझ्याकडं तासगावला आला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण वेल्डिंगात मला कुणी शिकवलेलं खपत नाही. मी म्हटलं, पाईप खालीच कडेला सोडू, झाकलेला बरा दिसतो.

"आन गाडी भिताडाला लावून हुबी केली तर? धूर भिताडावर आपटून माघारी फिरंल आन खिडकीतनं आत जाईल. पाईप मागनं टपाच्या वर न्या."

"टपावर धुरांडं? साखर कारखाना हाय का ह्यो?"

"मिस्त्री, कारखान्याचं धुरांडं उच का असतंय, ते कारखान्याला इचारून या. तवर मी बसतो हितंच."

आणि बसला. मी हट्टी, तर तो फौजी. दुकानाच्या दारात पोत्यावर बसून माझ्या प्रत्येक जोडावर बोलायचा. पाईप फरशीला टेकू द्यायचा नाही, तापतो. जनरेटर आणि पाईप यांच्यामध्ये लवचिक तुकडा पाहिजे, घाटात गाडी हादरली की ताठ जोड तडकतो. शेवटी पाईप टपाच्या वर गेला, तेव्हाच तो उठला आणि चहा सांगितला.

त्याची बायको हौसाक्का म्हणायची, "ह्यास्नी माझ्यापरास पाईपाची काळजी."

"तू दुखलं की वरडतीस. त्यो तडकला तर वरडतोय का?"

काळ्या धुराला कुणीबी भितं, असं तो नेहमी म्हणायचा. "ज्येला रंग न्हाई, वास न्हाई, त्येला भ्या. त्यो झोप लावून मारतोय."

महाबळेश्वरला पावसात शूटिंग होतं. हवालदाराच्या गाडीची पायरी सैल झाली होती म्हणून मी बरोबर गेलो होतो. आमच्या शेजारी दुसऱ्याची व्हॅनिटी उभी, पाईप फरशीखालीच सोडलेला. तिकडं पावसाळ्यात घरांच्या भिंतींना गवताची नाहीतर प्लास्टिकची झड बांधतात. त्या गाडीच्या ड्रायव्हरनं ते बघितलं आणि गाडीलाही तशीच झड बांधली, टपापासून पार चिखलापर्यंत, चहूबाजूनं. जनरेटरवर पाणी येऊ नये म्हणून. दाराएवढीच जागा मोकळी.

हवालदार त्याला म्हणाला, "गड्या, खाली चूल पेटलीया आन तिला तू गोधडी पांघरतोयस. सोड ती."

"काका, तुमचं मिल्ट्रीचं जुनं झालं. काचा बंद हायत, एसी चालू हाय. धूर आत येतोय कुठनं?"

"काचा बंद हायत म्हणूनच सांगतोय. खालच्या फटीतनं शिरलेला धूर भायेर जाईल कुठनं?"

ड्रायव्हर हसला आणि बाजारात निघून गेला.

जेवणाच्या वेळेला पाऊस वाढला, काम थांबलं. त्या गाडीत तिघी बायका बसल्या होत्या. कुणीतरी सांगत आलं, तिघींची डोकी दुखतायत, एकीला उलटी झाली, घाट लागला. हवालदारानं ताट खाली ठेवलं. "तिघींस्नी एकदमच घाट लागला? आन घाट चढून आल्यावर एवढ्या येळानं?" म्हणत तो पळालाच. जनरेटरच्या पेटीला कुलूप, किल्ली ड्रायव्हरच्या खिशात. "मिस्त्री, झड फाडा!"

मी कोयत्यानं झड फाडत सुटलो. तो दार उघडून आत गेला. एकीला ओढत आणली, मग दुसरीला. चिखलातच निजवली. एक जण छत्री घेऊन धावला, म्हणाला, कपडे भिजतायत. हवालदार ओरडला, "भिजू दे! हवा अडवू नगंस!" तिसरी संडासात होती, आतून कडी. मी म्हटलं, थांबा, आता मी जातो. "तुमी फाडा, तुमचा हात चालतोय," म्हणाला आणि पुन्हा आत. खांद्यानं दार तोडल्याचा आवाज मी ऐकला. मग बराच वेळ काही नाही. तो आला तो बाईला दारापर्यंत घेऊन. माझ्या हातात दिली आणि पायरीवर बसला. उठला नाही. मी हलवलं, गालावर मारलं. तोंड लालसर होतं, जेवून निजल्यासारखं.

तिघी साताऱ्याच्या दवाखान्यात वाचल्या. हवालदाराचं डॉक्टरनं माझ्यासमोर सांगितलं, धूर रक्तात चढला, त्यानं गेला. पण शूटिंगवाल्यांनी सगळीकडं सांगितलं, वय झालं होतं, पळापळ झाली, झटका आला. हार घेऊन घरी आले, तिथंही तेच बोलले. ते गेल्यावर हौसाक्कानं मला थांबवलं.

"तुमी हुता तितं. खरं काय ते सांगा."

मी सांगितलं.

"तिघी जगल्या न्हवं?"

"जगल्या."

"मग झटका कशापाई म्हणत्यात?"

"झटका म्हटलं की गाडीला कुणी बोल लावत न्हाई, आक्का."

त्यांनी आणलेला हार तिनं उचलून कोपऱ्यात ठेवला. मग म्हणाली, "तुमी लिवा."

"मला कुठं लिवाय येतंय?"

"लोकंड वाकवाय येतंय न्हवं? मग चार वळी वाकड्यातिकड्या लिवा. माझं मानूस म्हातारं हुन मेलं, आसं कुनी म्हनू नये."

म्हणून हे लिहिलं. आनंदा हवालदार झटक्यानं गेला नाही. दुसऱ्याच्या गाडीखालच्या धुरानं गेला. ती गाडी परवा वाईला घाटाच्या पायथ्याशी बघितली. पाईप अजून खालीच आहे.