भोंग्यातला सांडू

सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी सांडू दांडगे जळगाव रस्त्यावरच्या जीप थांब्यावर, रांगेतल्या पहिल्या काळ्या-पिवळ्या जीपच्या बंपरवर एक पाय ठेवून ओरडत होता. "सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा!" तिसऱ्या शब्दाला आवाज फाटला. त्यानं चहाचा घोट घेतला, पण गिळला नाही. थोडा वेळ तोंडात धरून मग पुन्हा सुरुवात केली.

या रस्त्यानं जायला एसटी आहे, पण तिची वेळ ठरलेली. लेणी पाहायला आलेल्यांसाठी हॉटेलवाले टॅक्सी करून देतात, ती महाग. उरते जीप. तिला वेळापत्रक नाही, भरली की निघते. ती भरण्याचं काम सांडूचं. भरलेल्या प्रत्येक जीपमागं ड्रायव्हर त्याच्या हातावर काही ठेवतो. थांब्यावर त्या पैशाला 'आवाजाचं' म्हणतात. ड्रायव्हरनं स्वतः ओरडायचं नाही, ओरडला तर त्याचा नंबर शेवटी जातो. नियम जुना आहे आणि तो सगळे पाळतात.

सांडूची पद्धत ठरलेली होती. जीप रिकामी असली की दोन ड्रायव्हर गिऱ्हाईक बनून आत बसायचे आणि सांडू बाहेरून "एकच सीट, एकच सीट!" करायचा. खरंच एक सीट उरली की तो खालच्या पट्टीत, घाई न करता बोलायचा. रोजच्या लोकांना हा फरक कळायचा. गावकऱ्यांसाठी तो 'अजिंठा' म्हणे, पाठीवर पिशवी दिसली की 'अजंता केव्ज'. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्याच्याजवळ दुसरा धंदा नव्हता.

दिवाळीपासून घसा बसला तो सुटला नाही. ज्येष्ठमध झाला, हळद झाली, गळ्याला गरम मिठाची पुरचुंडी झाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं ओरडणं बंद करायला सांगितलं आणि नळी घालून तपासायची तारीख दिली. सांडू गेला नाही. दुसरी तारीख मिळाली, तेव्हाही गेला नाही. थांब्यावर रिकामी जागा दुपारपर्यंतसुद्धा राहत नाही, हे त्याला माहीत होतं. तो स्वतः अशाच रिकाम्या जागेवर लागला होता.

एका सोमवारी नऊच्या सुमारास थायलंडचे दोन भिक्खू रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिले. सांडू पुढं झाला, तोंड उघडलं, आणि फक्त वारा बाहेर आला. त्यानं जीपच्या पत्र्यावर थाप मारली. पुन्हा मारली. भिक्खू दचकून मागं सरकले. एक टॅक्सीवाला हसत आला, "अजंता? कम, कम," म्हणाला आणि दोघांना घेऊन गेला.

जीपांचे नंबर लावणारा कडूबा हे पाहत होता. थांब्यावरचा तो सगळ्यात जुना ड्रायव्हर.

"काय रे सांडू, बायकोनं तोंड शिवलं का?"

बाकीचे हसले. सांडूही हसला.

"आठ दिवस बघतो," कडूबा हळू म्हणाला. "पुढं मलाबी ही ड्रायव्हर पोरं इचारतील."

त्या संध्याकाळी सांडूनं भाजीवाल्यांजवळ असतो तसला भोंगा आणला. बटण दाबून बोललं की तो आवाज धरून ठेवतो आणि थांबवेपर्यंत परत परत बोलत राहतो. मुकुंदवाडीतल्या खोलीत त्याची बायको आशाबाई तो उलटसुलट करून बघत राहिली.

"अवो, पण यात बोलायला आवाज पायजे ना?"

"सकाळी उघडतो थोडा," सांडू कुजबुजला. "वाफ दे."

पहाटे तिनं पातेलं उकळलं. तो गोधडीखाली बराच वेळ वाफ घेत बसला, मग भोंग्याचं बटण दाबून बोलला. पहिल्यांदा आवाज मध्येच तुटला. दुसऱ्यांदा भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "भाऊ, जीप घरातच आणली का काय?" आणि तेही भोंग्यात आलं. तिसऱ्यांदा सगळं जमलं. "चला सिल्लोड, गोळेगाव, अजिंठा! अजंता केव्ज, अजंता! एकच सीट! निघाली, निघाली, निघाली!" आवाज पूर्वीसारखा, मोकळा. आशाबाईनं तो दोनदा ऐकला. सांडू मोरीत जाऊन थुंकला, तर थुंकीत लाल धागा होता. त्यानं वर पाणी ओतलं. त्यानंतर त्याच्या तोंडून कुजबुजही निघेना.

भोंगा जीपच्या टपावर ठेवला आणि पहिली जीप नेहमीपेक्षा लवकर भरली. ड्रायव्हरांनी सांडूची पाठ थोपटली. भोंगा रिकाम्या जीपवरही 'एकच सीट' म्हणायचा आणि भरलेल्या जीपवरही. लोक हसायचे, पण बसायचे.

शुक्रवारी कडूबानं त्याला टपरीमागं बोलावलं.

"सांडू, राग मानू नको. हे बटण दाबलं की बोलतंय. मग पोरं म्हणत्यात, आवाजाचं कुणाला द्यायचं?"

सांडूनं भोंग्याकडं बोट दाखवलं, मग स्वतःच्या गळ्याकडं.

"व्हय, आवाज तुझाच. नाय कोण म्हणतंय? पण तो काढायला आता तू लागत नाय."

सांडू ताडकन गेला, टपावरचा भोंगा उतरवला आणि काखेत मारला. रस्त्याला लागणार तोच मागून त्याला स्वतःची हाक ऐकू आली. निघाली, निघाली, निघाली. एका ड्रायव्हरनं ती मोबाइलमध्ये भरून ठेवली होती.

"मोबाइलचा आवाज लांब जात नाय," कडूबा जवळ येऊन म्हणाला. "भोंगा तुझा, तर तुझाच राहू दे. रात्री घरी चार्ज कर, सकाळी आणून दे, संध्याकाळी ने. रोजचं काहीतरी देऊ आम्ही. मी सांगतो पोरांना."

सांडू उभा राहिला. जीपमध्ये दोन जागा रिकाम्या होत्या. त्यानं भोंगा परत टपावर ठेवला, तोंड रस्त्याकडं केलं आणि बटण दाबलं.

याला दोन आठवडे झाले. भोंगा रात्रभर आशाबाईच्या उशाशी चार्जिंगला असतो, लाल दिवा हिरवा झाला की ती वायर काढते. सांडूचा आवाज परत आलेला नाही. तो बोटांनी बोलतो आणि आशाबाई बरोबर समजल्यासारखं करते. दवाखान्याच्या तिसऱ्या तारखेचा कागद तिनं देवाच्या फोटोमागं खोचलाय. ती तारीख उद्याची आहे. या वेळी थांब्यावर त्याच्यावाचून काही अडत नाही.

उद्या पहिली जीप सहाला भरायला लागते, तेव्हा भोंगा टपावर लागतो. दवाखान्यातली केसपेपरची खिडकी साडेआठला उघडते.